धनेशाच्या जागी मामेसासरे

जगातल्या यच्चयावत पुरुषांना पक्ष्यांच्या मापाने मोजणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझा मामेसासरा निघाला. दुर्दैवाने अशासाठी, की त्या मोजमापात मी पहिल्याच भेटीत नापास झालो. आमचे लग्न ठरले तेव्हा मी सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. साखरपुड्याला कोणीतरी आग्रह केला म्हणून मी एक भावगीत म्हटले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी मात्र वाजवल्या नाहीत. मिलिटरी मिशा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि साखरपुड्याला येतानाही गळ्यात दुर्बीण. ते उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला नखशिखान्त न्याहाळले आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणाले, "आक्का, गळा बरा हाय. पर घरटं कुठाय? ह्यो कोकीळ हाय. ह्यो नुस्ता गाणार, आन् पोरं वाढवायची दुसऱ्यानं." सासूबाई ओशाळल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो, तो पहिल्यापासून असाच आहे." मी मनावर घेतले नाही. पुढे आम्हा दोघांच्या नोकऱ्यांमुळे आमची दोन्ही मुले शाळेत जाईपर्यंत सासूबाईंकडेच वाढली, हा भाग वेगळा. त्याबद्दल मामांनी एका शब्दानेही मला कधी टोचले नाही. फक्त मुलांना न्यायला गेलो की ते खिडकीबाहेर बघत बारीक आवाजात 'कुऽऊ' करत.

मामा फौजेत सुभेदार होते. कुठल्या कुठल्या निर्जन चौक्यांवर त्यांनी उमर काढली. शत्रूवर नजर ठेवण्यासाठी सरकारने दिलेल्या दुर्बिणीतून फावल्या वेळात त्यांनी पाखरे पाहिली आणि रिटायर होऊन कडेगावजवळच्या आपल्या गावी आले ते हा नाद घेऊनच. घरचा ऊस होता, विहीर होती, विहिरीकडेला एक म्हातारा आंबा होता. माणसाला आणखी काय लागते? पण इतर पक्षीवेड्यांसारखे रंग, आवाज, पिसे यांत मामांना काडीचा रस नव्हता. पाखरू दिसले की त्यांचा एकच प्रश्न असे : हा संसाराला कसा आहे? मोराचे नाव काढलेले त्यांना खपत नसे. "त्याचं काय कवतिक सांगताय? नाचतो आन् पसार होतो. अंडी कुणी उबवायची, पिल्लं कुणी फिरवायची? लांडोरीनं!" याउलट विहिरीवर लोंबणाऱ्या खोप्यांपुढे ते हात जोडत. खोपा विणतो नर. मादी येते, आत डोकावते, दोरा ओढून बघते आणि पसंत नसेल तर सरळ उडून जाते. तो बिचारा दुसरा विणायला घेतो. एवढे करून आपण त्या पाखराला सुगरण म्हणतो, याचा मामांना खरोखरीचा संताप होता. "राबतो गडी, आन् नाव बाईचं! ह्येच्यावर कुणीतरी अर्ज करायला पायजे," असे ते दर पावसाळ्यात म्हणत.

हा विषय कुठे काढावा आणि कुठे काढू नये याचा पोच त्यांना नव्हता. एकदा भावकीतली एक मुलगी पाहायला पाटणकडचे पाहुणे आले होते. चहा-पोहे झाले, मुलगी आत गेली आणि मुलाचे वडील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्याकडं एक पद्धत हाय. बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत ऱ्हायचं." मामा एकदम सरसावून बसले. "पावणं, तळ्यावरचा कमळपक्षी बघितलाय का तुमी?" पाहुण्यांना वाटले, काही मानपानाचे बोलणे असावे. ते म्हणाले, "न्हाई बा." मग मामांनी त्यांना सविस्तर सांगितले, की कमळपक्ष्याची मादी नरापेक्षा दांडगी असते, ती एका नराला अंडी घालून देते, त्याला सांगते आता बस, आणि स्वतः शेजारच्या दुसऱ्या नराकडे नांदायला जाते. तिथून तिसऱ्याकडे. "आन् ह्ये समदे नवरे गपगुमान अंड्यांवर बसून ऱ्हात्यात. भांडान न्हाई, तंटा न्हाई." आतल्या खोलीतून बायकांचे हसणे इतके फुटले, की पाहुण्यांनी टोप्या चढवल्या. ते लग्न मोडले. त्या मुलीला पुढे साताऱ्याचे फार चांगले स्थळ मिळाले, आणि आजही ती माहेरी आली की आधी मामांच्या पाया पडते.

आमचे लग्न झाल्यावर लोक नव्या जोडप्याला महाबळेश्वरला पाठवतात, तसे आम्हाला मामांनी कोयनानगरच्या वरच्या जंगलात नेले. कशाला? तर मोठा धनेश, तो भल्यामोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी, दाखवायला. "नवरा कसा असावा त्ये ह्यांला डोळ्यानं बघू दे," असे ते माझ्या बायकोला माझ्यादेखत म्हणाले. घाटातल्या एका वळणावर, जिथे पुढून येणारी गाडी अंगावर येईपर्यंत दिसणार नाही, अशा जागी त्यांनी जीप थांबवली आणि आम्हाला पाचोळ्यात पालथे झोपवले. आम्ही दिवसभर पालथे होतो. धनेश दिसला नाही. दोन वानरे येऊन आमच्याकडे बघून गेली आणि माझ्या नव्या शर्टात शिरलेल्या मुंग्या सांगलीला पोहोचल्यावर उतरल्या. परतताना मामा म्हणाले, "न्हाई दिसला त्ये बरं झालं. तो बायकोपाशी आसंल."

धनेश हा मामांचा देव. थोरला जंगलातला, पण त्याचा करड्या रंगाचा धाकटा भाऊ आपल्या गावाकडेही असतो, आणि तशी एक जोडी मामांच्या आंब्याच्या ढोलीत दरसाल संसार थाटत असे. उन्हाळा लागला की मादी ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा जे हाताशी येईल त्याने आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी एक फट ठेवते. आत बसून अंगावरची पिसे झाडून टाकते, अंडी घालते, उबवते. म्हणजे बाई पुरती परस्वाधीन. उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. नर दिवसभर उंबराची फळे, किडे, सरडे आणतो, खोडावर चोच आपटतो आणि फटीतून एकेक घास तिला भरवतो. पिल्ले जरा मोठी झाली, तिला नवी पिसे फुटली, की ती भिंत फोडून बाहेर येते. तोवर त्याने एक दिवस दांडी मारली तर आत सगळ्यांची उपासमार. मामांच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी येई.

मादी आत गेली, की मामांच्या लेखी घरात बाळंतीण असे. अंगणात मोठ्याने बोलायचे नाही, फटाका नाही, ट्रॅक्टरचा हॉर्न नाही. ऐन लग्नसराईत एकदा शेजारच्या मळ्यातल्या लग्नाची वरात हलगी कडाडवत रस्त्याने आली. मामा दोन्ही हात पसरून मधे उभे राहिले. "गड्यांनो, बंद करा रं! घरात बाळंतीण हाय, लय अवघडलीय!" हलगी जागच्या जागी थांबली. नवरदेवाने घोड्यावरून हात जोडले, वऱ्हाडी चपला हातात घेऊन मुकाट्याने गेले. इथवर ठीक होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या बायका खारीक-खोबरे, डिंकाचे लाडू आणि कुंची-झबले घेऊन मामींच्या दारात हजर झाल्या आणि "सून कवा आली वो? आमाला पत्ताच न्हाई," म्हणत थेट आतल्या खोलीत शिरू लागल्या. सून तेव्हा लष्करातल्या नवऱ्याबरोबर पार जोधपूरला होती. मामींनी त्या सगळ्या बायकांना आंब्याखाली नेले, वर बोट दाखवले आणि म्हणाल्या, "ती बघा बाळंतीण. लाडू वर टाकताय, का मी ठिऊन घिऊ?"

मामींची ओळख करून द्यायची राहिलीच. बुटक्या, गोल, कमरेला पदर खोचलेल्या. चेहऱ्यावर हसू नाही, पण बोलणे असे की समोरचा हसून बेजार. मामा नरांच्या कर्तव्यावर ओसरीत व्याख्यान देत बसलेले असत आणि मधेच आत तोंड करून म्हणत, "पाणी!" मामी तांब्या आणून ठेवत आणि पाहुण्यांना सांगत, "ह्येंचा सुगरणीवर लय जीव. पर संसाराला चाळीस वर्सं झाली, चुलीवरचं दूध उतू चाललं तरी हाक मला." मामा म्हणत, "आगं, माझा अभ्यासाचा विषय वेगळा हाय." आणि पाणी पीत.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मामांचा फोन आला. एरवी ते फोनवर 'हॅलो' म्हणत नसत. 'पावणं, चातक आला' अशी थेट बातमी देत. त्या दिवशी बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "पावणं, गडी गेला. तारंला चिकटला. बाई आत हाय."

आम्ही दुपारपर्यंत पोहोचलो. विजेच्या डीपीखाली सापडलेला धनेश मामांनी बांधावर पुरला होता आणि वर दगड ठेवला होता. त्याच्या चोचीत उंबर तसाच होता, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. मामांनी ओळखीच्या एका पक्षीअभ्यासकाला फोन केला होता. तो म्हणाला होता, भिंत फोडू नका. पिसे नसलेली मादी बाहेर आली तर कावळे सोडणार नाहीत. खायला मिळाले तर वाचेल. मामांनी फोन ठेवला आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आंब्याला लावून तिच्यात शिडी उभी केली. गुडघ्याला पट्टा बांधलेला, वय सत्तरीला टेकलेले. मामी खालून ओरडल्या, "आवं, पडाल! मग माझ्याम्होरं दोन बाळंतिणी!" पण मामा चढले होते.

पहिला दिवस वाया गेला. मामांनी फटीतून उंबर पुढे केला, आतून खाटकन चोच आली आणि मामांच्या बोटाचे सालटे निघाले. त्यांनी काठीला फळ खोचून पाहिले. शीळ घातली. "मॅडम, खाना" म्हणून पाहिले. शेवटी धनेशासारखे ओरडले, तेव्हा गावातली कुत्री भुंकायला लागली. आत मात्र चिडीचूप. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. मामा जेवले नाहीत. शिडीवर बसून होते. तोंड एवढेसे झालेले. खाली येऊन ट्रॉलीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "उपाशी मरणार ती. माझ्या दारात मरणार." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी असं हात घुसवताय कशाला? तो काय असा घुसायचा व्हय? मी रोज सैपाकघरातनं ऐकत हुते. आधी टकटक करायचा, मग जरा थांबायचा. दारात हाक दिल्याबिगर कुठली बाई हात म्होरं करंल?" इतक्या वर्षांच्या दुर्बिणीतून जे नीट दिसले नव्हते, ते भाकरी थापता थापता मामींच्या कानांनी टिपले होते. मामा वर गेले. बोटाच्या पेराने खोडावर टकटक केले, थांबले, पुन्हा केले. फटीत हालचाल झाली. चोचीचे टोक बाहेर आले, हळूच, आणि मामांच्या चिमटीतला उंबर आत गेला. मामा वरून एवढ्या जोराने ओरडले की शिडी हलली. "घेतला गं! हातातनं घेतला!" मामींच्या मांडीवरचे सूप कलंडले, तांदूळ मातीत गेले, आणि त्या पहिल्यांदाच आमच्यादेखत खळखळून हसल्या.

त्यानंतरचे दिवस म्हणजे त्या गावात एक जत्राच होती. आम्हीही सुट्टी मिळेल तशा सांगलीहून फेऱ्या मारत होतो. ज्या माणसाने घरात कधी पेला विसळला नाही, तो उजाडल्यापासून एका परक्या बाईच्या मुदपाकखान्यात जुंपलेला. सकाळी कालव्याकडच्या उंबराची फळे, न्याहारीला पपई, दुपारी नाकतोडे. नाकतोड्यांसाठी मामा उसाच्या सरीत रांगत. ओसरीवरच्या पाली त्यांनी अशा संपवल्या, की भिंतीवरचे किडे माजले आणि त्यांचीही पकडापकड सुरू झाली. जोधपूरहून मुलाने व्हिडिओ कॉल केला, तर मामा एका हातात सरडा धरून म्हणाले, "आत्ता टाइम न्हाई. ड्यूटी हाय." धनेशाची बाई स्वच्छतेला फार जपणारी, सगळी घाण फटीतून नेम धरून बाहेर उडवते. ती मामांच्या मिशांवर आली तरी ते मिशा पुसून म्हणत, "चालायचंच. बाळंतीणच हाय ती." एका सकाळी आतून बारीक चिरचिर ऐकू आली आणि मामांनी शिडीवरूनच सगळ्या आळीला हाक देऊन सांगितले, की पिल्ले झाली. मी पेढे आणले. ते वाटायला मलाच फिरावे लागले, कारण मामांना सवड नव्हती.

गावातल्या बायका आता संध्याकाळी नवऱ्यांना धरून आंब्याखाली आणू लागल्या. "बघा. शिका जरा," एवढेच म्हणायच्या. चार-पाच गडी एके दिवशी शिष्टमंडळ करून आले. त्यांचा पुढारी म्हणाला, "मामा, आवरा आता. तुमच्यापायी घरात वांदं झालंत. काल मला दळण आणाया लावलं." मामांनी वरून विचारले, "आणलंस का?" तो म्हणाला, "आणलं." "मग बरं झालं," म्हणून मामांनी पुढचा नाकतोडा फटीत सरकवला.

मामी शिडीखाली खुर्ची टाकून बसत. शिडी धरायची आणि फळे वर द्यायची हे त्यांचे काम. एका संध्याकाळी मी उंबरांची पिशवी घेऊन गेलो, तेव्हा त्या वाटीतली फळे निवडत सहज बोलत होत्या, कोणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा. "आपल्या थोरल्याच्या टायमाला मला असंच अंधाऱ्या खोलीत ठिवलं हुतं. आयनं दार लावून घेतलं हुतं, वारं नको म्हणून. दारावर जरा कुनाचा हात पडला की मला वाटायचं, तुमीच आलात." वरची टकटक थांबली. मामी म्हणाल्या, "तुमी आलात तवा पोरगं चालत हुतं. तुमाला काका म्हणालं." वरून आवाज आला, "सुट्टी न्हवती गावली गं." "ठावं हाय मला," मामी म्हणाल्या. "तुमी टकटक करा. ती वाट बघतीय." मला तिथे उभे राहवेना. मी पिशवी हळूच खाली ठेवली आणि विहिरीकडे गेलो.

आणि मग एका रविवारी, आम्ही सगळे हजर असताना, आतून भिंतीवर चोचीचे घाव बसू लागले. मामा पायरीपायरीने खाली उतरले आणि अटेन्शनमध्ये उभे राहिले. चिखलाची ढपली पडली, दुसरी पडली आणि ती बाहेर आली. विस्कटलेली, मळकी, इतक्या दिवसांनी उजेडात आल्यामुळे डोळे मिचकावणारी. जवळच्या फांदीवर बसून तिने पंख पसरले, मिटले, पुन्हा पसरले. मामा ओठातल्या ओठात म्हणत होते, "जा. जमतंय. जा." ती उडाली. एकदा खाली गेली, मग सावरली आणि थेट कालव्याकडच्या उंबरावर. तोवर पिल्लांनी आतून भिंत पुन्हा लिंपायला घेतली होती. थोड्या वेळाने ती चोचीत फळ घेऊन परतली, खोडावर टकटक केले आणि फटीतून भरवू लागली.

मामांना राहवले नाही. आता एकटीने ती किती करणार, म्हणून वाटी घेऊन ते शिडी चढले. अर्ध्यावर पोहोचले नाहीत तोच ती किंचाळत त्यांच्या अंगावर आली. टोपी उडाली. पुन्हा आली. मामा वाटी छातीशी धरून खाली उतरले. संध्याकाळी त्यांनी परत एकदा पाहिले. तिने परत हाकलले. बाईचा संसार आता बाईच्या हातात होता, आणि त्यात मामांना जागा नव्हती.

ते ट्रॉलीच्या कडेला बसले. वाटीतले उंबर तसेच. "वळख सुदिक दाखवली न्हाई," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

"कशापायी दाखवंल?" मामी म्हणाल्या. "पोरांच्या मागं लागलीय ती. एकदा बाळंतपण सरलं की आतलं समदं इसरून जातंय बाईमाणूस."

मामांनी वाटी बाजूला ठेवली. "तू इसरलीस?"

मामी शिडीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चटकन काही म्हटले नाही. उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, "न्हाई."

आम्हाला सांगलीला परतायचे होते. एरवी मामा निरोप द्यायला रस्त्यापर्यंत येतात, गाडीच्या काचेतून आत डोके घालून शेवटचे एखादे पाखरू ऐकवतात. त्या दिवशी कोणीच आले नाही. वळणावर बायकोने मागे पाहिले, म्हणून मीही पाहिले. आंब्याखाली मामी खुर्चीवर बसल्या होत्या आणि मामा त्यांच्यासमोर जमिनीवर. दुर्बीण उतरवून ठेवलेली. मामी हातवारे करून खूप वर्षांचे सांगायचे राहिलेले काहीतरी सांगत होत्या, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मामा मधे एक शब्दही न बोलता ऐकत होते.